बेल्ट तुटला नाही, मग टायमिंग घसरलं कसं?

ह्या महिन्यात टायमिंग बेल्टवरच चार पत्रं आली. उन्हाळा तोंडावर आला की अशी पत्रं येतातच, म्हणून क्लच, एसी वगैरेचे प्रश्न पुढच्या अंकाला ढकलले आणि सगळी जागा ह्यालाच दिली. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, पण तेवढं नीट समजलं की बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच सापडतील.

प्रश्न : मेस्त्री, नमस्कार. माझी जुनी ४ सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. मागच्या मंगळवारी आईला घेऊन तुळजापूरला गेलो होतो, घाट चढून वर गेल्यावर चढावरच गाडी लावली, हँडब्रेक जरा सैल आहे म्हणून पहिल्या गिअरमध्ये ठेवली. दर्शन घेऊन आलो तर गाडी हातभर मागं येऊन दगडाला टेकलेली. चालू केली तर नुसती थरथर, पिकअप नाही, येताना ६० च्या वर पळेना. इथं दाखवली तर मेस्त्री म्हणतो टायमिंग एक दात घसरलंय. पण बेल्ट आठ महिन्यांपूर्वीच नवा टाकलाय! ज्यानं टाकला तो म्हणतो नवा बेल्ट घसरूच शकत नाही. खरं कोणाचं धरायचं? आणि बेल्ट तुटलाच नाही तर टायमिंग जातं कसं?
(एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर)

उत्तर : दादा, टायमिंग घसरलंय म्हणणाऱ्या मेस्त्रीचं खरं आहे. बेल्ट टाकणारा म्हणतो तेही अर्धं खरं, नवा बेल्ट आपणहून घसरत नाही, पण त्याला ताणून धरणारं जे काय आहे ते सैल असलं तर नवा काय न् जुना काय, दात सोडतोच.

आधी हा बेल्ट करतो काय ते बघू. आपल्या सोलापूरकरांना हे सांगायला मला माग लई बरा पडतो. साध्या यंत्रमागात दोन मुख्य शाफ्ट असतात, वर क्रँक शाफ्ट आणि खाली टॅपेट शाफ्ट, वरचा दोनदा फिरला की खालचा एकदा फिरतो. टॅपेटमुळे ताण्याचे धागे वर-खाली होऊन मधे वाट उघडते आणि त्या वाटेतून धोटा पळतो. आता ह्या दोघांचा मेळ चुकला तर काय होतं, धोटा निघतो तेव्हा वाट अजून पुरती उघडलेली नसते, धोटा मधेच अडकतो आणि ताण्याचे कितीतरी धागे एका झटक्यात तुटतात. ज्यांच्या घरी माग होते त्यांनी हे डोळ्यानं बघितलंय, आणि ते तुटलेले धागे एकेक जोडत बसणारी माणसंही बघितलीत.

इंजिनात हेच आहे, प्रमाणसुद्धा तेच, दोनास एक. पिस्टन खाली-वर होतो त्यानं क्रँक फिरतो, आणि वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, कॅम शाफ्ट असतो तो व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं, ह्या चार कामांना क्रँकचे दोन फेरे लागतात, तेवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो, म्हणून कॅम निम्म्या वेगानं फिरला पाहिजे. त्यासाठी वरच्या पुलीला खालच्याच्या दुप्पट दात असतात आणि दोघांना जोडतो तो हा दातेरी बेल्ट. साधा सपाट पट्टा असता तर रोज थोडा थोडा सरकला असता, दात असल्यामुळे सरकत नाही, पण दात असल्यामुळेच सरकला की एकदम एक अख्खा दात सरकतो. मधलं काही नसतं.

एक दात म्हणजे किती? समजा तुमच्या खालच्या पुलीला २० दात आहेत आणि वरच्याला ४०. एक दात सरकला म्हणजे क्रँकच्या हिशोबात १८ अंशांची चूक झाली. जिथं कंपनी दोन-चार अंशांचा विचार करून कॅम बनवते तिथं १८ अंश म्हणजे लई झालं. कॅम मागं पडला की आत हवा घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, पिस्टन वर यायला लागला तरी तो उघडाच, मग आत आलेली हवा परत मागं ढकलली जाते, कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेचा दाब, पडतं, आणि कमी स्पीडला गाडी ओढत नाही. कॅम पुढं गेला तरी मेळ चुकतोच, आणि तुम्हाला येताना जे जाणवलं ते ह्या चुकलेल्या मेळामुळेच.

आता उलटं फिरण्याचं. इंजिन नेहमी एकाच दिशेनं फिरतं, त्यामुळे बेल्टची एक बाजू कायम ताठ असते, कारण क्रँक ती ओढत असतो, आणि दुसरी परतीची बाजू ढिली पडायला बघते, म्हणून टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी पुली, त्या परतीच्या बाजूला दिलेला असतो. तुमची गाडी पहिल्या गिअरमध्ये मागं सरकली म्हणजे चाकांनी इंजिन उलटं फिरवलं. पहिल्या गिअरला चाक एकदा फिरलं की इंजिन साधारण १२ ते १५ वेळा फिरतं, म्हणजे तुमच्या त्या हातभर सरकण्यात इंजिनाचे तीन-एक उलटे फेरे झाले. उलटं फिरताना ताठ बाजू ढिली आणि ढिली बाजू ताठ होते, सगळा जोर टेन्शनरवर येतो, तो मागं हटला की बेल्ट खालच्या लहान पुलीवर दात सोडून वर चढतो आणि पुढच्या दातात बसतो. लहान पुलीवर कारण तिच्यावर बेल्टचे थोडेच दात बसलेले असतात.

पण, आणि हे महत्त्वाचं आहे, टेन्शनर धड असेल तर एवढ्यानं काही होत नाही. हजारो गाड्या गिअरमध्ये लावलेल्या असतात, थोड्या सरकतातही. तुमची घसरली म्हणजे आठ महिन्यांपूर्वी बेल्ट बसवताना ताण नीट आला नव्हता किंवा जुनाच टेन्शनर परत टाकला होता. बऱ्याच जुन्या इंजिनांत पद्धत अशी असते की टेन्शनरचा बोल्ट ढिला ठेवायचा, स्प्रिंग त्याला ओढून ताण देते, मग क्रँकला पाना लावून हातानं इंजिनाच्या सरळ दिशेनं दोन पुरे फेरे द्यायचे, म्हणजे सगळीकडचा ढिलेपणा टेन्शनरकडे येतो, आणि मगच बोल्ट आवळायचा. मग मार्क परत बघायचे, खालच्या पुलीचा मार्क आणि वरच्या पुलीचा मार्क दोन्ही आपापल्या खुणेवर आले पाहिजेत. घाईत हे दोन फेरे राहतात. मार्क जुळवले, बेल्ट चढवला, बोल्ट आवळला, झालं. त्या दिवशी गाडी मस्त चालते, कोणालाच काही कळत नाही.

म्हणून नुसता बेल्ट परत मार्कावर बसवून घेऊन येऊ नका. मी हे अगदी कळकळीनं सांगतोय कारण ही चूक मी शिकाऊ असताना डोळ्यासमोर झालीय. एका गॅरेजला होतो, एक डिझेल गाडी आली, बेल्ट तेलानं ओला, कॅमचं ऑइल सील गळत होतं. गिऱ्हाईक घाईत, सील मागवायला वेळ नाही, बेल्ट तेवढा बदलून दिला. सहा महिन्यांत ती गाडी टो करून आली, तेलानं रबर फुगून बेल्टचे दात सोलून निघालेले, आठही व्हॉल्व्ह वाकलेले. त्या माणसाचा गाडीवरच धंदा होता. तो दीड महिना कसा काढला असेल त्यानं, मला अजून आठवतं. तो बेल्ट मी मागून घेतला आणि आजही माझ्या शेडमध्ये खिळ्याला टांगलाय, नवीन पोरगं कामाला आलं की आधी तो दाखवतो.

जुना बेल्ट बघायला शिका, तो सगळं सांगतो. कडा कुरतडल्यासारखी झाली असेल तर पुली किंवा टेन्शनर वाकडा चालतोय, बेअरिंग डुगडुगतंय. एकाच जागचे चार-पाच दात सोलले असतील तर काहीतरी अडकलं होतं, वॉटर पंप जाम झाला असेल किंवा कॅमच धरला असेल. तेलाचा, कूलंटचा वास आला तर सील नाहीतर पंप. बेल्ट आडवा सरळ कापल्यासारखा तुटला असेल तर बसवताना कुणीतरी तो मुरगळलाय, कारण आत बारीक काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या असतात, बेल्ट चुरगाळला किंवा उलटा दुमडला की त्या आतल्या आत मोडतात आणि बाहेरून काही दिसत नाही. तेव्हा मेस्त्रीला म्हणा, काढलेला बेल्ट फेकू नको, मला दाखव.

तुमच्या गाडीत आता टेन्शनर नवा, आयडलर (बेल्टला नुसती वाट दाखवणारी मोकळी पुली) असेल तर तोही, बेल्टही नवाच टाका कारण दात सोडताना ह्याचे दात रगडले गेलेत. क्रँक पुलीचा बोल्ट किती टाइट आहे आणि पुलीतली चावी (पुली शाफ्टवर सरकू नये म्हणून खाचेत बसवलेला तुकडा) झिजलीय का ते बघायला सांगा, चावीत खेळ असेल तर पुलीच हलते आणि बेल्ट बिचारा नाहक बदनाम होतो. काही इंजिनांत तर पुलीला चावीच नसते, नुसत्या बोल्टच्या आवळण्यावर ती धरलेली असते, तिथं टॉर्क पाना (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा) न लावता काम करणं म्हणजे गाडी रामभरोसे सोडणं. सगळं झाल्यावर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. चारही सारखेच कमी आले तर टायमिंग अजून चुकलंय, एकाच सिलिंडरचं कमी आलं तर तो व्हॉल्व्ह थोडा लागलाय.

आणि हँडब्रेक आजच नीट करा. गिअर हा मदतीला असतो, गाडी धरायचं काम ब्रेकचं. चढावर चाकामागं दगड लावायची आपली जुनी सवय चांगलीच आहे, फक्त निघताना तो रस्त्यात सोडू नका. तुळजापूरहून ती तशीच गाडी ४०-४५ किलोमीटर चालवत आणलीत ते नशीब म्हणायचं, सैल बेल्टनं वाटेत आणखी दात सोडले असते तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडले असते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. माझ्याकडे कार्बोरेटरवाली मारुती ८०० अजून आहे. पिकअप गेला म्हणून नेली तर मेस्त्रीनं डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवला आणि म्हणाला टायमिंग सेट केलं. थोडा फरक पडला, पण अ‍ॅव्हरेज अजून कमीच आहे आणि रिकामी उभी असताना गाडी हलते. टायमिंग सेट केलं ना, मग असं का?
(एक वाचक, रेल्वे लाईन्स, सोलापूर)

उत्तर : सर, टायमिंग हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात, त्यातून हा घोळ होतो. एक ठिणगीचं टायमिंग, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी कधी पडावी. दुसरं व्हॉल्व्हचं, म्हणजे बेल्टचं. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग, फिरवला की फक्त ठिणगी पुढं-मागं होते.

तुमच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅम शाफ्टवरून फिरतो. त्यामुळे बेल्ट एक दात सरकला की व्हॉल्व्हही चुकतात आणि त्यांच्याबरोबर ठिणगीही चुकते. मेस्त्रीनं लाइट लावून ठिणगी बघितली, ती मागं दिसली, डिस्ट्रिब्युटर फिरवून जागेवर आणली, गाडी थोडी सुधारली, पण व्हॉल्व्ह तिथंच चुकलेले राहिले. दुखणं झाकलं गेलं असा ह्याचा अर्थ. माझा नियम असा की डिस्ट्रिब्युटर नेहमीच्या जागेपेक्षा बराच फिरवावा लागला तर तिथंच थांबायचं आणि बेल्टचं कव्हर उघडायचं. वरचं कव्हर काढून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून मार्क बघायला अर्धा तास पुरे होतो.

मार्क बरोबर निघाले तर बेल्टचा नाद सोडा. मग व्हॉल्व्हचं क्लिअरन्स म्हणजे फट, कार्बोरेटर, व्हॅक्यूमचे फाटलेले पाइप ह्यांच्याकडे बघायला सांगा, जुन्या ८०० मध्ये पाइप कडक होऊन फाटलेले असतात आणि रिकाम्या उभ्या गाडीचं हलणं बऱ्याचदा तिथून येतं. आणि बेल्टला किती वर्षं झालीत ते तुमच्या वहीत बघा, शिक्षकांच्या वहीत लिहिलेलं असतंच!

प्रश्न : माझी गाडी २०१५ ची, फक्त ३८ हजार किलोमीटर झालीय, घर ते दुकान एवढीच फिरते. बेल्ट कधी बदललेला नाही. गॅरेजवाला बदला म्हणतो, मित्र म्हणतो लाख किलोमीटरला बदलतात, तुला फसवतोय. काय करू?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : पहिलं, तुमच्या गाडीत बेल्ट आहे का चेन हे बघा. मारुतीच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनांत चेन आहे, स्विफ्ट डिझेलच्या १.३ इंजिनातही चेन. रेनॉच्या १.५ डिझेलला, म्हणजे डस्टर वगैरेला, बेल्ट. जुन्या सँट्रोला बेल्ट, इनोव्हाच्या २.५ डिझेलला बेल्ट. एकाच कंपनीत, एकाच नावाच्या गाडीतसुद्धा इंजिन बदललं की हे बदलतं, त्यामुळे मित्राची गाडी बघून आपलं ठरवू नका, गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडा.

बेल्ट असेल तर गॅरेजवाला तुम्हाला फसवत नाहीये. पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी येईल ते धरायचं. किलोमीटरचा आकडा सगळे लक्षात ठेवतात आणि वर्षांचा विसरतात. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं, आणि आपल्या सोलापुरात तर एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४२-४३ अंश असतात, त्यात बॉनेटखाली इंजिनाची धग, त्यात तुमची गाडी दुकानासमोर दिवसभर उन्हात उभी. रबर कडक होतं, दाताच्या मुळाशी बारीक चिरा पडतात, आणि हे सगळं कव्हरच्या आत होतं त्यामुळे तुम्हाला ना आवाज येतो ना काही. चेन झिजली की सकाळी गाडी चालू करताना खडखडते, सांगून जाते. बेल्ट सांगत नाही. दहा वर्षांचा बेल्ट ३८ हजारच चाललाय म्हणून मी तरी त्याच्यावर पुण्याला जाणार नाही.

बदलताना वॉटर पंप बेल्टवरच फिरत असेल तर तोही त्याच वेळी बदला. मजुरी एकदाच लागते, आणि नव्या बेल्टवर जुना पंप जाम झाला तर सगळं पाण्यात. पार्ट पाकीटबंद, पक्क्या बिलावर घ्या, दुकानात सुट्टा लोंबकळत ठेवलेला बेल्ट घेऊ नका. आणि प्लास्टिकचं कव्हर सगळ्या बोल्टसकट परत बसलंय ना ते स्वतः वाकून बघा, दोन बोल्ट कमी लावायची वाईट खोड आहे लोकांना, त्या फटीतून आपली धूळ आणि बारीक खडी आत जाते, आणि पुलीच्या दातात एक खडा बसला तरी बेल्ट त्याच्यावरून उडी मारू शकतो.

प्रश्न : काका, पुण्याहून येताना मोहोळच्या अलीकडे गाडी चालता चालता एकदम बंद पडली. सेल्फ मारला तर नेहमीपेक्षा हलका आवाज, मोटर नुसतीच भर्रकन फिरल्यासारखी. ढाब्यावरचे लोक धक्का मारून बघू म्हणाले, मी नको म्हटलं आणि टो करून आणली. बरोबर केलं का? गॅरेजवाले डायरेक्ट हेड उतरवायचं म्हणतायत.
(एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर)

उत्तर : ताई, अगदी बरोबर केलंत. तो हलका भर्र आवाज म्हणजे कॉम्प्रेशनच नाही, बहुतेक बेल्ट तुटलाय. एरवी सेल्फ मारताना घर्र-घर्र असा अडत अडत आवाज येतो तो पिस्टन हवा दाबतो त्याचा. बेल्ट तुटला की कॅम जागीच थांबतो, जे व्हॉल्व्ह उघडे राहिले ते उघडेच राहतात आणि खाली पिस्टन वर येत राहतो. ज्या इंजिनात दोघांची जागा एकमेकांत येते तिथं पिस्टन व्हॉल्व्हला ठोकतो, डिझेलमध्ये तर जवळपास सगळीकडे असंच असतं कारण वर जागाच उरलेली नसते. काही पेट्रोल इंजिनांत मात्र मधे अंतर राहतं, तिथं नवा बेल्ट टाकला की गाडी जशीच्या तशी चालू. त्यामुळे धक्का मारणं, पुन्हा पुन्हा सेल्फ मारणं म्हणजे वाचलेला व्हॉल्व्हही वाकवून घेणं.

हेड उतरवायच्या आधी त्यांना एक काम करायला सांगा. कॅम आणि क्रँक हातानं सावकाश फिरवून मार्कावर आणायचे, कुठं अडतंय असं वाटलं तर जोर लावायचा नाही. मग एकेका सिलिंडरचे दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह मिटलेल्या स्थितीत आणून प्लगच्या भोकातून, डिझेल असेल तर ग्लो प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या भोकातून, कंप्रेसरची हवा सोडायची. एअर फिल्टरकडून फुस्स आवाज आला तर आत घेणारा व्हॉल्व्ह वाकलाय, सायलेन्सरकडून आला तर बाहेरचा. चारही सिलिंडरनी हवा धरली तर हेड उतरवायची गरज नाही. धरली नाही तर उतरवावंच लागेल, मग वाकलेले व्हॉल्व्ह तुमच्यासमोर मोजून घ्या, त्यांचे गाइड (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या नळ्या) तपासायला सांगा, आणि बेल्ट तुटला कशानं हे पंप, टेन्शनर, सील एकेक हातानं फिरवून, बघून कळल्याशिवाय नवा बेल्ट चढवू देऊ नका.